हवामानासाठी पदयात्रा आणि शेवटी फुकट मैफल: कधी काही हललंय का?

सावकाश_चालणारी

मंडळी, सल्ला हवाय. हवामान बदलावर कृती व्हावी या मागणीसाठी आम्ही पन्नासेक जण मिळून एक पदयात्रा काढतोय. तीन किलोमीटर चालायचं, शेवटी मैदानावर दोन-अडीच तासांची मैफल, सगळ्यांना फुकट. इथपर्यंत सगळे एका सुरात होते. त्यानंतर समितीत दोन तट पडले.

एक तट म्हणतो, गाणं नसेल तर कुत्रंही फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, गाणं ठेवलंत की लोक थेट मैदानावरच उगवतील, चालायला आपण पन्नासच उरू, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात गायिका राहील, हवामान नाही. मागच्या बैठकीत यावर दोन तास गेले. पंख्याखाली बसूनही माणसं तापली.

माझी पंचाईत अशी की जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतं.

तर तुमच्यापैकी कुणी अशा कार्यक्रमाला गेलं असेल, राबलं असेल, किंवा मुद्दाम गेलं नसेल, तर लिहा. आणि मुख्य म्हणजे, अशा चालण्या-गाण्याने कधी काही हललंय का?

काडेपेटी

पहिला!

पृथ्वी वाचवायच्या मैफलीला डिझेल जनरेटर लावणार की नाही, एवढं आधी सांगा. पुढचं मत त्यावर अवलंबून आहे.

सावकाश_चालणारी

@काडेपेटी, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सध्याच्या अंदाजपत्रकात जनरेटर आहे. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.

उपरा

सरळच लिहितो, राग नसावा. विज्ञानाबद्दल मला शंका नाही. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३१५ च्या आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. मधल्या काळात किती मोर्चे निघाले, किती परिषदा झाल्या. १९९७ ला क्योटो, २०१५ ला पॅरिस. त्या मोजणीच्या आलेखावर बोट ठेवून एका तरी मोर्चाची तारीख ओळखून दाखवा. रेघ आपली चढतेच आहे. २०२४ हे तर औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं.

चालून आलं, गाणं ऐकलं, की माणसाला वाटतं आपण आपलं काम केलं. मग तो समाधानाने झोपतो. मला ते समाधानच घातक वाटतं.

खारूताई

उपरा, +१ आणि −१ दोन्ही. मी अशा एका मैफलीहून आल्यावर अजिबात झोपले नाही. कानात दडे बसले होते.

शेवटची_रांग

मी अशा चार पदयात्रांत चाललोय, दोन काढण्यात राबलोय. नावातच आलं, मी कायम मागे असतो. मागून जे दिसतं ते पुढच्यांना दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: मोर्चात गाणं फाटतं. पुढे एका गाडीवर दोन भोंगे आणि गाणारे, मागे तीनशे मीटर माणसं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे माझ्यापर्यंत तो जवळपास एक सेकंद उशिरा पोहोचतो. चालीचं गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं धरलं तर मी दोन ठोके मागे. मी माझ्या परीने तालात म्हणतो, माझ्या पुढचा त्याच्या तालात, आणि मधल्यांना दोन्ही ऐकू येतं. तिसऱ्या कडव्याला सगळे फक्त ओठ हलवतात. उपाय सोपा आहे. एकच मोठा भोंगा नको. पन्नास-पन्नास माणसांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीत एक ताल धरणारा आणि एक सांगणारा द्या, ओळी छोट्या ठेवा.

दुसरी गोष्ट: पदयात्रा कधीच वेळेवर पोहोचत नाही, आणि एकदाच पोहोचली ती लवकर. चाळीस मिनिटं आधी! मंचावर तेव्हा तारा जोडणं चाललं होतं. घाम पुसत बसलेल्या तीनशे माणसांनी चाळीस मिनिटं "हॅलो, चेक, वन टू" ऐकलं. मुख्य गायक आला तेव्हा निम्मी उठून गेली होती.

तिसरी जरा लांब आहे. एका मैफलीत मैदानाच्या दाराशी टेबल मांडून आम्ही वही ठेवली होती, पुढच्या कामात यायचं असेल तर नाव लिहा म्हणून. दोरीला बांधलेलं पेन. साधारण नऊशे माणसं आली असतील. पहिलं पान भरलं आणि पेन संपलं. ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या पानावर काही जणांनी कोरडंच लिहिलेलं, कागदावर नुसते वळ. मी घरी नेऊन ते पान दिव्याखाली तिरपं धरून, पेन्सिलीने हलकं घासून वाचलं. एकूण ६१ नावं निघाली. पुढच्या बैठकीला आले ९.

त्या नऊ जणांनी एकच गोष्ट धरली: आपल्या भागातल्या सरकारी इमारती किती वीज खातात ते आकडे जाहीर करा. दर महिन्याला दोघे जण कार्यालयात जायचे, तोच अर्ज, तीच खिडकी. चौदा महिने गेले. आता ते आकडे दर तिमाहीला बाहेरच्या फलकावर लागतात. फार मोठं काही नाही, मान्य. पण ती मैफल झाली नसती तर ते नऊ जण एकमेकांना भेटले नसते, आणि वही नसती तर भेटून पांगले असते. गाणी कुठली झाली होती ते आज मला आठवत नाही.

काडेपेटी

"कागदावर नुसते वळ". शेवटची_रांग, ती वही जपून ठेवली आहे का?

शेवटची_रांग

आहे. पेन फेकून दिलं.

जुनी_वही

(आयडीवरून गैरसमज नको, वरची वही माझी नाही.)

उपरा, आलेखावर मोर्चा दिसत नाही हे खरं, पण कायद्याच्या पुस्तकात कधीकधी दिसतो. २२ एप्रिल १९७०, पहिला वसुंधरा दिन. अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक बाहेर पडले, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला.

हे सगळं त्या एका दिवसाने घडलं असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं. आदल्याच वर्षी सँटा बार्बराच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली होती, ओहायोतल्या कायाहोगा नदीवर तर आग लागली होती. लोक चिडलेलेच होते. शिवाय आयोजक दुसऱ्या दिवशी घरी गेले नाहीत. पर्यावरणाविरुद्ध मतदान करणारे बारा लोकप्रतिनिधी त्यांनी निवडले, त्यांची नावं 'डर्टी डझन' म्हणून जाहीर केली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्यामागे लागले. बारापैकी सात पडले. पुढाऱ्यांना २२ एप्रिलच्या गर्दीचा अर्थ समजला तो तेव्हा, असं मला वाटतं.

नाकासमोर

एवढा काथ्याकूट कशाला? संशोधनच आहे ना, साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सरकार झुकतंच. लोकसंख्येला साडेतीन टक्क्यांनी गुणा आणि तेवढी माणसं जमवा. विषय संपला.

जुनी_वही

@नाकासमोर, तो आकडा एरिका चेनोवेथ या अमेरिकन राज्यशास्त्र अभ्यासकांचा. मारिया स्टीफन यांच्यासोबत त्यांनी १९०० ते २००६ मधल्या चळवळी अभ्यासल्या होत्या, पण कुठल्या? राजवट उलथवण्याच्या किंवा स्वातंत्र्य मिळवण्याच्या. हवामान धोरणाच्या नव्हेत. हा मागे वळून पाहताना दिसलेला कल आहे, नियम नव्हे, असं त्यांनी स्वतःच नंतर बजावलं आहे. सावकाश_चालणारी यांना राजवट उलथवायची नसावी असं गृहीत धरतो.

सावकाश_चालणारी

सध्या समिती उलथली नाही तरी पुष्कळ.

तारवाला

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण शेवटी माझ्या धंद्याचा विषय निघाला. ध्वनिव्यवस्थेत वीस वर्षं काढली आहेत.

जनरेटर जवळजवळ नेहमी गरजेपेक्षा मोठा मागवला जातो. सगळ्या अॅम्प्लिफायरवर लिहिलेले वॉट कुणीतरी बेरीज करून सांगतो, त्यावर भीतीपोटी अजून निम्मे चढवतो. पण गाणं म्हणजे इस्त्री नव्हे. त्यात ठोका असतो, ठोक्यांमध्ये मोकळी जागा असते. चांगल्या वाजवण्यात अॅम्प्लिफायर सरासरी आपल्या पूर्ण ताकदीच्या एक-अष्टमांशावर चालतो. अॅम्प्लिफायरवर ८ किलोवॉट लिहिलं असेल तर स्पीकरकडे सरासरी एक किलोवॉट जातो. गळती, मिक्सर, वाद्यं वगैरे धरून दोन समजा. अडीच तासांचे झाले ५ युनिट. दुप्पट हात राखून १० युनिटची बॅटरी घेतली तरी निभतं. शेजारच्या इमारतीतून रीतसर जोडणी मिळाली तर बॅटरीही नको. फक्त अर्थिंग तपासून घ्या, ओल्या मैदानात ते विसरलेला माणूस मी पाहिला आहे (वाचला, पण नंतर कायम रबरी चपला घालायचा).

खरं खाणं असतं दिव्यांचं. म्हणून दुपारी चारला सुरू करा, उजेडात संपवा. दिवे नकोत, जनरेटर नको, काडेपेटी खूश.

काडेपेटी

मी असा सहजासहजी खूश होत नाही. पण वाखूसा (वाचनखूण साठवली).

आकडेमोड

तारवालांचं पटलं, तरीही जनरेटरवर एवढी चर्चा म्हणजे मुंगीला सुतळी बॉम्ब. हिशेब करून पाहतो, आकडे अंदाजाचे आहेत, हवे तर बदला.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. मध्यम जनरेटर तासाला १० लिटर पितो असं धरू, चार तास, ४० लिटर. झाले १०८ किलो.

आता श्रोते. समजा २,००० आले, त्यातल्या ५०० गाड्या, प्रत्येकीचं जाऊन-येऊन २० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर. लिटरभर पेट्रोलचे सुमारे २.३ किलो. म्हणजे गाडीमागे ३ किलो, पाचशे गाड्यांचे दीड टन. जनरेटरच्या चौदापट!

हे मीच पहिल्यांदा शोधलं असं नाही. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने मँचेस्टरच्या टिंडॉल सेंटर या हवामान संशोधन केंद्राकडून दौऱ्यांच्या उत्सर्जनाचा अभ्यास करून घेतला होता, तो २०२१ मध्ये आला. श्रोत्यांचा प्रवास हा मोठा वाटा, हे त्यात होतंच. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी ब्रिस्टलमध्ये खुल्या मैदानावर कार्यक्रम केला तो बॅटरीवर. लोकांनी रेल्वेने यावं म्हणून परतीच्या जादा गाड्यांचीही सोय केली होती. त्या मानाने ७ जुलै २००७ चा लाइव्ह अर्थ आठवा. सातही खंडांत मैफली, आणि कलाकारांच्या विमानांवरून जगभर टिंगल.

खारूताई

अवांतर: सातही खंड म्हणजे अंटार्क्टिका पण! तिथल्या ब्रिटिश तळावरच्या शास्त्रज्ञांचाच पाच जणांचा बँड होता आणि ऐकायला तळावरची मूठभर माणसं. श्रोत्यांचा प्रवास शून्य. आकडेमोड, तुमचं आदर्श संमेलन.

आकडेमोड

दंडवत.

काडेपेटी

थोडक्यात, मी काडी टाकली जनरेटरवर आणि पेटल्या गाड्या.

उपरा

आलं का परत श्रोत्यांवर? हेच म्हणत होतो मी. "कार्बन फूटप्रिंट" हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. २००४ मध्ये त्यांनीच लोकांना आपापला ठसा मोजायचं गणकयंत्र दिलं. तेल काढणारे बाजूला राहिले आणि आपण एकमेकांच्या स्कूटरी मोजत बसलो. माणूस गाडीने का येतो? हौस म्हणून? मैफल संपते तेव्हा परत जायला दुसरं काही नसतं म्हणून येतो.

खिडकीतून

माझे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांपुढे चालायचं नाही. असे कार्यक्रम जाहीर होतात तेव्हा माझ्यासारख्यांना वाटतं, यात आपलं काय काम? आपण फक्त खुर्चीत बसून गाणं ऐकायचं आणि चालून आलेल्यांच्या लाल चेहऱ्यांकडे अपराधीपणाने बघायचं.

पॅरिसचं आठवतं का कुणाला? नोव्हेंबर २०१५, हवामान परिषदेच्या आदल्या दिवशी मोठा मोर्चा ठरला होता. दोन आठवडे आधी शहरावर हल्ले झाले, मोर्चावर बंदी आली. मग लोकांनी प्लास द ला रेपुब्लिक चौकात आपले बूट आणून मांडले. हजारो जोड. पोप फ्रान्सिस यांच्याकडूनही एक जोड आला होता. तो फोटो मी कितीतरी वेळ पाहत बसले होते. बुटांमध्ये लहान मुलांचे रबरी बूट होते, पावसाळ्यातले. चालता न येणाऱ्यांचा मोर्चा इतका बोलका असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटची_रांग

खिडकीतून, सुरेख आठवण. बुटांच्या जोडीला शांततेचीही एक: २१ सप्टेंबर २०१४, न्यूयॉर्कचा हवामान मोर्चा, आयोजकांच्या अंदाजाने तीन लाखांहून जास्त माणसं. बारा अठ्ठावन्नला सगळे गप्प. दोन मिनिटं. आणि एक वाजता शिट्ट्या, ढोल, थाळ्या, ज्याच्याकडे जे असेल ते. मी वर आवाज फाटण्याची तक्रार केली होती ना, तिथे त्याचंच सोनं झालं असणार. गोंगाट लाटेसारखा धावतो, त्याला ताल लागत नाही. सावकाश_चालणारी, हे तुम्हाला फुकटात करता येईल.

तिसरं_सप्तक

मैफलीत काय वाजवणार याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते. २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने १८८० पासूनचं पृथ्वीचं सरासरी तापमान चेलोवर वाजवलं. एका वर्षाला एक सूर. थंड वर्ष खाली, उष्ण वर्ष वर. शब्द नाहीत, भाषण नाही.

मी ते माझ्या शिकवणीतल्या मुलांबरोबर पेटीवर करून पाहिलं. तापमानाची यादी घेतली, मंद्र सप्तकातून सुरुवात केली, दर वर्षाला एक पट्टी ठरवली. पहिली चाळीस-पन्नास वर्षं कंटाळवाणी आहेत, खाली-वर, खाली-वर, रियाज चुकल्यासारखी. मध्ये थोडं चढतं, मग परत रेंगाळतं. मुलं चुळबुळ करायला लागली. शेवटच्या तीसेक वर्षांत बोटं उजवीकडे सरकायला लागतात आणि परतच येत नाहीत. २०१६ ला आम्ही अगदी कडेला होतो. २०२३ साठी एका मुलाने पट्टी शोधली आणि विचारलं, "ताई, पेटी संपली. आता?"

मी त्याला म्हटलं, पहिलीपासून खालच्या पट्टीत घेऊ. तसं घेतलं तर सुरुवात ऐकूच येईना.

नाकासमोर

तिसरं_सप्तक, हे मैफलीच्या सुरुवातीला ठेवायलाच हवं!

उपरा

मी गाण्याच्या बाजूने बोलत नसतो, पण हे ऐकायला येईन.

काडेपेटी

उपरा मैफलीला यायला तयार. धागा इथेच कुलूपबंद करा.

खारूताई

एक मिनिट, कुलूप नको. वर उपरा काहीतरी फार कामाचं बोलून गेले आणि सगळे बुटांकडे वळले. "परत जायला दुसरं काही नसतं." मग मागणीच ती करा ना! "हवामान वाचवा" ही मागणी कुणीही आनंदाने मान्य करतो, कारण त्यात करायचं काहीच नसतं. "शेवटची बस दोन तास उशिरापर्यंत चालवा, अमुक तारखेपासून" याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

जुनी_वही

+१. नेदरलँड्समध्ये अर्जेंडा नावाची संस्था आणि ८८६ नागरिक मिळून सरकारवर कोर्टात गेले. मागणी नेमकी होती: १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन किमान २५ टक्क्यांनी घटवा. २०१५ ला जिंकले, सरकार अपिलात गेलं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठेवलं. आकडा आणि तारीख दोन्ही असल्यामुळे सरकारला "विचार करू" म्हणून सुटता आलं नाही. आणि गंमत म्हणजे हेच अर्जेंडावाले २०१५ च्या परिषदेसाठी उत्रेख्तहून पॅरिसला चालतही गेले होते. म्हणजे चालणारे वेगळे आणि काम करणारे वेगळे, असं नसतं.

उपरा

एका बसने ४२० चे ४१९ होणार नाहीत, हे नोंदवून ठेवतो. पण निदान वर्षभराने "झालं का?" असं विचारता येईल. एवढं मान्य.

तारवाला

पण मग माझ्या उजेडातल्या मैफलीचं काय? सहाला संपली तर बस असणारच, मग मागणीला अर्थ काय? आणि रात्री संपवलीत तर दिवे आले. एकतर बॅटरी वाचवा नाहीतर बस मागा.

काडेपेटी

शेवटचं गाणं शेवटच्या बसनंतर ठेवा. सगळे अडकतील. मग आपोआप पदयात्रा.

आकडेमोड

@काडेपेटी, तुम्ही हे विनोद म्हणून लिहिलंत का?

काडेपेटी

होय, का? काय झालं?

सावकाश_चालणारी

नऊ दिवसांनी येतेय, माफ करा. मध्ये दोन बैठका झाल्या. हा धागा मी छापून नेला होता (कागदाच्या दोन्ही बाजूंना, आकडेमोड, रागावू नका) आणि काडेपेटींचा तो प्रतिसाद मोठ्याने वाचला. आधी हशा झाला. मग आमच्यातल्या एक मावशी, ज्या तीन बैठका गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "मग तसंच करू की."

तर आता क्रम उलटा झालाय. आधी मैफल, नंतर चालणं. मैफल चारला सुरू, दिव्यांशिवाय, शेजारच्या इमारतीची जोडणी मिळाली आहे, अर्थिंग दोघांकडून तपासून घेणार. सुरुवातीला पेटीवरची ती वर्षं, निवेदन न करता. तिसरं_सप्तक, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. उजेड जायच्या आधी माईक बंद. मग मंडळी तिथेच थांबणार, बिनामाईकची गाणी, गप्पा. आमच्या मार्गावरची शेवटची बस साडेआठला सुटते. ती सुटली की तिच्याच मार्गाने, थांब्या-थांब्यावरून, तीन किलोमीटर चालत परत. ज्याचं घर ज्या थांब्याजवळ, तो तिथे गळणार. पन्नास-पन्नासच्या तुकड्या, हातात विजेऱ्या. ज्यांना चालणं जमत नाही ते साडेआठच्या बसने जातील आणि उतरतील त्या थांब्यावर आपला एक जुना जोड ठेवतील. आम्ही चालत येताना ते जोड गोळा करू. खिडकीतून, ही कल्पना सरळ तुमच्याकडून उचलली आहे.

गाणं हवं म्हणणारे खूश, कारण गर्दी गाण्याला आधीच आलेली असेल. चालणं हवं म्हणणारेही खूश, कारण घरी तर सगळ्यांनाच जायचं असतं. मागणी एकच, फलकावर एवढंच: या मार्गावर रात्री साडेदहापर्यंत बस, येत्या वेळापत्रकापासून. परिवहनच्या अधिकाऱ्यांना बोलावलंय. मंचावर नाही, भाषण नाही. आमच्याबरोबर चालायला.

नाकासमोर

ते येणार आहेत का?

सावकाश_चालणारी

"कळवतो" म्हणालेत.

उपरा

ते गाडीने येतील.

खिडकीतून

माझ्याकडे जांभळ्या रंगाचे कॅनव्हासचे बूट आहेत, सात वर्षांपूर्वी घेतलेले, एकदाच घातलेले. माझ्या तर्फे कुणी तरी तिसऱ्या थांब्यावर ठेवेल का? मी पत्ता व्यनि करते. आणि परत नकोत.

शेवटची_रांग

वहीचं काय ठरलं?

सावकाश_चालणारी

प्रत्येक थांब्यावर एक वही. गळताना नाव लिहून जायचं, म्हणजे कुठल्या थांब्याला किती माणसं हवीत तेही आपोआप कळेल. परिवहनला द्यायला त्याहून चांगला कागद नाही. एकूण सात वह्या.

शेवटची_रांग

पेनं चौदा घ्या. आणि दोरीला बांधायच्या आधी प्रत्येक चालवून बघा.